जुन्या मराठी पुस्तकाची नवी आवृत्ती: स्कॅनपासून छपाईच्या पीडीएफपर्यंत

गावाचा इतिहास, एखाद्या घराण्याची बखर, शंभर वर्षांपूर्वीचे प्रवासवर्णन, पाककृतींचा संग्रह अशी ज्यांची शेवटची प्रत एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात उरली आहे, अशी पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत. पुस्तकरचनेसाठी चित्र आणि मजकूर संगणकावर हाताळायला ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी अशाच एका पुस्तकाची नवी आवृत्ती हाती घ्यावी असे मला वाटते. स्कॅन, अक्षरओळख, मुद्रितशोधन, डागाळलेल्या छायाचित्रांची दुरुस्ती, पानाची मांडणी आणि छपाईसाठीची फाइल ही सगळी कामे त्यात येतात, आणि शेवटी हातात एक उपयोगी वस्तू राहते. सगळे पुस्तक एकदम हाती घेण्याऐवजी आधी दोन-तीन चित्रे असलेले एक प्रकरण निवडून त्याचा सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गट, शेवटपर्यंत तयार करावा. फर्मा पूर्ण झाला की बाकीच्या पुस्तकात नवे शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

या कामाला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. स्कॅन केलेली पाने नीट करण्यासाठी स्कॅन टेलर, अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट, मजकुरासाठी लिबरऑफिस, छायाचित्रांसाठी गिंप, रेखाचित्रांसाठी इंकस्केप आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस ही सर्व साधने विनामूल्य मिळतात. ज्यांच्याकडे फोटोशॉप आणि इनडिझाइन आहे त्यांनी ती जरूर वापरावीत. पुढे सांगितलेला क्रम त्यांनाही तसाच लागू आहे. हा क्रम एका नियमावर उभा आहे: मजकुराची चूक मजकुराच्या फाइलमध्ये, चित्राची चूक चित्राच्या फाइलमध्ये आणि मांडणीची चूक मांडणीत दुरुस्त करायची. पाने लावून झाल्यावर सापडलेली शुद्धलेखनाची चूक फक्त मांडणीतच सुधारली, तर मूळ मजकूर चुकीचाच राहतो आणि पुढच्या आवृत्तीत किंवा ई-पुस्तकात ती चूक पुन्हा छापली जाते.

कामाआधीचे दोन निर्णय

पहिला निर्णय हक्कांचा. भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या अधिनियमानुसार, लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजलेली ६० वर्षे हक्क त्याच्याकडे किंवा वारसांकडे राहतो. छायाचित्रांसाठी ही ६० वर्षे पूर्वी प्रकाशनापासून मोजत; २०१२ च्या दुरुस्तीनंतर तीही छायाचित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजतात. लेखकाचा हक्क संपला म्हणून पुस्तकातल्या चित्रकाराचाही संपला असे होत नाही. मुखपृष्ठ आणि आतली रेखाटने यांचा हिशेब वेगळा करावा आणि जिथे मुदत संपलेली नाही तिथे वारसांची लेखी परवानगी घ्यावी.

दुसरा निर्णय लेखनपद्धतीचा आहे आणि तो अनेकजण फार उशिरा घेतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘मीं’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र आढळतात. ते ठेवायचे की काढायचे हे स्कॅन करण्यापूर्वीच ठरवून एका कागदावर लिहून ठेवावे. माझे मत असे की अभ्यासकांसाठीची आवृत्ती असेल तर अनुस्वारासकट मूळ लेखन जपावे आणि सर्वसामान्य वाचकांसाठी असेल तर आजचे नियम वापरून प्रस्तावनेत तसे स्पष्ट सांगावे. अर्धे पुस्तक एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने निघाले, तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

स्कॅन

मजकुराची पाने ३०० ते ४०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके) आणि चित्रांची पाने ६०० डीपीआयवर, दोन्ही रंगीत स्कॅन करावीत. पुस्तक कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच हवा. त्याचे कारण चित्रांच्या भागात येईल. फाइल टिफ स्वरूपात साठवावी, कारण जेपेग प्रत्येक वेळी साठवताना थोडी माहिती टाकून देते. स्कॅनरमधली ‘आपोआप सुधारणा’ आणि ‘शार्पन’ हे पर्याय बंद ठेवावेत. पुस्तकाची शिलाई नाजूक असेल तर ते काचेवर दाबू नये. वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश ठेवून, पान कॅमेऱ्याला समांतर राहील अशा बेताने छायाचित्रे घ्यावीत.

मूळ स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवून त्यांना पुन्हा हात लावू नये. सगळे काम त्यांच्या प्रतींवर करावे. मग स्कॅन टेलरमध्ये दोन पाने वेगळी करणे, तिरकी पाने सरळ करणे, मजकुराचा चौकोन निवडणे आणि बारीक ठिपके काढणे ही कामे ओळीने होतात. ठिपके काढण्याची तीव्रता सर्वांत कमी ठेवावी, कारण देवनागरीत अनुस्वार आणि नुक्ता हेही ठिपकेच असतात, आणि तीव्रता वाढवली की कागदावरच्या डागांबरोबर तेही पुसले जातात.

मजकूर: सर्वाधिक वेळ इथे द्यावा

टेसरॅक्टमध्ये मराठीची भाषा-फाइल बसवून पाने चालवली की छापील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, मिळतो. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हे साधन न्यूरल नेटवर्कवर चालते आणि स्वच्छ छपाई असेल तर निकाल चांगला येतो. शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या जुन्या पुस्तकांत मात्र शाई पसरलेली असते, खिळे झिजलेले असतात आणि जोडाक्षरे एकाखाली एक रचलेली असतात. त्यामुळे चुका ठरावीक ठिकाणी होतात: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, ष आणि प यांची अदलाबदल होते, ‘ख’च्या जागी ‘रव’ येते, द्य, द्ध, द्व एकमेकांत मिसळतात, ‘ह्र’ आणि ‘हृ’ यांचा गोंधळ होतो. पहिली पाच-सहा पाने हाताने तपासून आपल्या पुस्तकातल्या अशा जोड्यांची यादी करावी आणि मुद्रितशोधन करताना ती समोर ठेवावी. ‘धर’ आणि ‘घर’ हे दोन्ही खरे शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे साधन त्यांच्याबद्दल काही सांगत नाही; ती चूक वाचणाऱ्यालाच दिसते. म्हणून एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासावे. छापखान्यांतली ही जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे.

काही वेळा मजकूर आधीच कोणीतरी टाइप केलेला असतो, पण तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्ट-पद्धतीत असतो, ज्यात संगणकाच्या दृष्टीने अक्षरे मराठी नसतातच. तो रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर रफार, पहिली वेलांटी आणि अर्धी अक्षरे खास तपासावीत, कारण या तिन्हींचा क्रम जुन्या पद्धतीत वेगळा असतो.

यानंतर मजकुराची आतली सफाई करायची. डोळ्यांना सारखी दिसणारी पण संगणकाला वेगळी वाटणारी अक्षरे एकसारखी करणे, हे तिचे मुख्य काम. लिबरऑफिसच्या ‘शोधा व बदला’मध्ये रेग्युलर एक्सप्रेशनचा, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याचा, पर्याय चालू केला की पुढची कामे झपाट्याने होतात.

विसर्गाच्या जागी कोलन टाइप करण्याची सवय सार्वत्रिक आहे; ‘दु:ख’, ‘प्रात:काल’, ‘अंत:करण’ यांत कोलन आहे, तर ‘दुःख’, ‘प्रातःकाल’, ‘अंतःकरण’ यांत खरा विसर्ग आहे. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये मोकळी जागा न सोडता आलेला कोलन शोधून त्याच्या जागी विसर्ग घालावा. मात्र ‘स्वत:’, ‘अंशत:’, ‘विशेषत:’ अशा शब्दांच्या शेवटचा कोलन एकेक पाहूनच बदलावा, कारण तिथे तो खरोखरचा कोलनही असू शकतो.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठीला आवश्यक आहे. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांतला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात. काही टाइपिंग-साधने तो साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून तयार करतात. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण शोधताना किंवा फॉन्ट बदलल्यावर वेगळे वागतात. सगळीकडे पहिला प्रकार करून घ्यावा. ‘ॲ’साठीही स्वतंत्र अक्षर आहे, ‘अ’, जोडचिन्ह आणि चंद्र अशी जुळवाजुळव ठेवू नये. त्यानंतर दुहेरी मोकळ्या जागा, स्वल्पविरामाआधीची जागा, सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे, संयोगचिन्ह आणि अपसारणचिन्ह यांतला भेद आणि अंकांची एकच पद्धत, हे सगळे याच फेरीत उरकावे.

शेवटी मजकुराला शैली लावाव्यात: प्रकरणाचे शीर्षक, उपशीर्षक, मुख्य परिच्छेद, उतारा, कविता, तळटीप. अक्षर मोठे किंवा ठळक करण्यासाठी इथे एकही बटण दाबू नये. फक्त शैलीचे नाव द्यावे. ते नाव मांडणीत जसेच्या तसे उतरते आणि तिथे त्याचे रूप एकाच जागी ठरवता येते.

चित्रे

चित्र किती मोठे छापता येईल हे त्याच्या पिक्सेलवरून ठरते. छायाचित्रासाठी छापील आकाराच्या दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. चार इंच रुंद छापायचे असेल तर १२०० पिक्सेल रुंदी हवी. रेखाचित्राच्या कडा तीक्ष्ण असतात, म्हणून त्याला ६०० ते १२०० लागतात. लेखकाचे कुटुंबीय जुनी छायाचित्रे पाठवणार असतील तर व्हॉट्सॲपवर ती साध्या फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची विनंती करावी, नाहीतर ती दाबून लहान झालेली पोचतात.

आता डागाळलेले पान घेऊ. समजा पानावर एक छायाचित्र आहे, कागद पिवळा पडला आहे, एका कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग आहे आणि मधोमध वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. गिंपमध्ये फाइल उघडून चॅनेल्सच्या खिडकीत लाल, हिरवा आणि निळा हे तीन चॅनेल एकेक करून पाहावेत. निळ्या चॅनेलमध्ये तपकिरी डाग काळाकुट्ट दिसतो, हिरव्यात मध्यम दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो, कारण पिवळा आणि तपकिरी रंग लाल प्रकाश भरपूर परावर्तित करतात. शिक्क्याचे उलटे आहे: जांभळी शाई लाल चॅनेलमध्ये गडद असते आणि निळ्यात फिकी पडते. म्हणून लाल चॅनेलपासून तयार केलेले कृष्णधवल चित्र खाली ठेवावे, निळ्या चॅनेलचे चित्र त्यावरच्या थरात ठेवावे, वरच्या थराचा उजळपणा लेव्हल्स या साधनाने खालच्याशी जुळवावा आणि मग मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावून वरचा थर फक्त शिक्क्याच्या जागेपुरता दिसू द्यावा. डाग आणि शिक्का दोन्ही बहुतांश जातात आणि चित्रातला तपशील कुठेही रंगवावा लागत नाही. स्कॅन रंगीत घ्यायला सांगितले ते यासाठी.

उरलेले ओरखडे आणि घड्या हील टूलने, वेगळ्या थरावर, लहान ब्रशने काढाव्यात. चेहऱ्यांच्या बाबतीत मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी साधने ऐतिहासिक छायाचित्रांवर वापरू नयेत. अस्पष्ट डोळ्यांच्या जागी ती दुसरेच डोळे तयार करतात, आणि छापील पुस्तकात गेलेला तो चेहरा पुढच्या पिढीला त्या माणसाचा खरा चेहरा वाटतो. धूसर छायाचित्र धूसरच, थोडे लहान छापावे.

जुन्या पुस्तकात छापलेले छायाचित्र बारीक ठिपक्यांनी बनलेले असते. ते तसेच पुन्हा छापले तर जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांवर येऊन कापडासारखी नक्षी उमटते. हे टाळण्यासाठी ६०० डीपीआयच्या स्कॅनवर गॉशियन ब्लर द्यावा. मूळ छपाईत इंचाला १०० ठिपके असतील तर स्कॅनमध्ये दोन ठिपक्यांतले अंतर ६ पिक्सेल येते, म्हणून ब्लर २ पिक्सेलपासून सुरू करून ठिपके जेमतेम विरघळतील इथवरच वाढवावा. मग चित्र ३०० डीपीआयला आणून हलकेसे शार्पन करावे.

शेवटची पायरी कागदाची. पुस्तकांसाठी वापरला जाणारा साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो, आणि पडद्यावर छान दिसणारा मधला करडा छटा कागदावर गडद उमटतो. छटा उजळ-गडद करणाऱ्या कर्व्हज या साधनात मधला भाग थोडा उचलावा. सर्वांत गडद भाग साधारण ९० टक्के काळ्यावर आणि सर्वांत उजळ भाग ४ टक्क्यांवर थांबवावा. गिंपच्या लेव्हल्समध्ये आउटपुटच्या ० च्या जागी २५ आणि २५५ च्या जागी २४५ घातले की हे होते. आर्ट पेपरवर छापायचे असेल तर इतकी सवलत लागत नाही. रेखाचित्रांना करड्या छटा नकोतच: थ्रेशोल्डने शुद्ध काळे-पांढरे करावे, आणि मोठे करायचे असेल तर इंकस्केपमध्ये ट्रेस करून घ्यावे.

पान

मराठी पुस्तकांचा सर्वांत रुळलेला आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच किंवा सुमारे १४० × २१६ मिलिमीटर. आतला समास २०, बाहेरचा १६, वरचा १८ आणि खालचा २२ मिलिमीटर धरला तर मजकुराची रुंदी १०४ आणि उंची १७६ मिलिमीटर राहते. पर्फेक्ट बायंडिंग (शिलाईऐवजी पाने डिंकाने चिकटवणे) असेल आणि पाने जास्त असतील तर आतला समास आणखी वाढवावा, कारण चिकटवलेले पुस्तक पूर्ण उघडत नाही. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागते. ११ पॉइंट अक्षराला १६ पॉइंट अंतर दिले तर या उंचीत ३१ ओळी बसतात.

फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ‘श’ आणि ‘ल’ पाहावा. हिंदी वळणाची ही दोन अक्षरे मराठी पानावर लगेच खटकतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, त्यावर आधारलेला आयआयटी मुंबईचा शोभिका आणि तिरो देवनागरी मराठी हे पुस्तकाच्या मजकुरासाठी चांगले पर्याय आहेत. शीर्षकांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरता येतो. निवड पक्की करण्यापूर्वी ‘ऱ्हास, कुऱ्हाड, उद्ध्वस्त, राष्ट्र, वाङ्मय, शृंगार, ह्रस्व, हृदय, ॲसिड, ऑगस्ट’ ही ओळ त्या फॉन्टमध्ये कागदावर छापून पाहावी. त्यातले एकही जोडाक्षर तुटत असेल तर तो फॉन्ट सोडून द्यावा.

स्क्रायबसची १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरावी, कारण जुन्या १.४ आवृत्त्यांमध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नाही तर हाच त्रास होतो. मास्टर पानांवर, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साच्यावर, शीर्षपट्टी आणि पृष्ठांक ठेवावेत, बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतराच्या रेषा) १६ पॉइंटचा करावा आणि परिच्छेद-शैलीत भाषा मराठी निवडावी.

दोन्ही कडा सरळ ठेवल्या की मराठीतले लांब सामासिक शब्द आणि प्रत्यय लागलेली रूपे यांमुळे काही ओळींत शब्दांमध्ये मोठी भोके पडतात. शब्द तोडायची परवानगी द्यावी, पण तोड अक्षराच्या सीमेवर आणि शक्यतो समासाच्या जोडावर पडते का ते डोळ्यांनी पाहावे. अक्षरांमधले अंतर ताणून ओळ भरण्याचा पर्याय बंद ठेवावा, कारण ताणताच देवनागरीची शिरोरेषा तुटते. पानाच्या माथ्यावर परिच्छेदाची एकच शेवटची ओळ एकटी राहू देऊ नये.

मजकुराचा काळा रंग फक्त १०० टक्के काळी शाई असावा. चार शाया मिसळून केलेला काळा छपाईत किंचित सरकला तरी बारीक वेलांट्यांना रंगीत कडा दिसू लागतात.

मुखपृष्ठ

मुखपृष्ठ, स्पाइन (पुस्तकाची पाठ) आणि मलपृष्ठ एकाच फाइलमध्ये करतात, म्हणून पानांची संख्या पक्की झाल्याशिवाय ते सुरू करू नये. २०८ पानांचे पुस्तक म्हणजे १३ फर्मे आणि १०४ पत्रे. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर स्पाइन १०.४ मिलिमीटर येतो, आणि पूर्ण रुंदी १४० + १०.४ + १४० = २९०.४ मिलिमीटर होते. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून फाइल २९६.४ × २२२ मिलिमीटरची करावी. जाडी अंदाजाने घेऊ नये, छापखान्याकडून त्याच कागदाची विचारून घ्यावी. बल्की, म्हणजे फुगीर, कागदाचा स्पाइन त्याच पानसंख्येला बराच जाड होतो. स्पाइनवरचे शीर्षक दोन्ही कडांपासून दीड-दोन मिलिमीटर आत असावे.

पीडीएफ आणि प्रूफ

छापखान्याला छपाईच्या पीडीएफचे पीडीएफ-एक्स-१ए आणि पीडीएफ-एक्स-४ या दोन प्रकारांपैकी काय हवे ते विचारावे. पहिल्या प्रकारात पारदर्शक थर सपाट केलेले आणि सगळे रंग छपाईच्या शायांत असावे लागतात. दुसऱ्यात पारदर्शकता चालते. फॉन्ट दोन्हींत फाइलमध्ये समाविष्ट असलेच पाहिजेत. पीडीएफ स्वतःच्या संगणकावर न पाहता, ते फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आतल्या पानांची फाइल फक्त काळ्या शाईची आहे ना, हे शाईवार झलक पाहून तपासावे. रंगीत राहिलेले एखादे छायाचित्र इथे लगेच सापडते.

मग पूर्ण पीडीएफ खऱ्या आकारात कागदावर छापून घ्यावी आणि तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या फेऱ्यांत तपासाव्यात: एका फेरीत फक्त पृष्ठांक आणि शीर्षपट्टी, दुसरीत फक्त चित्रे आणि त्यांच्या ओळी, तिसरीत मजकूर. या फेरीत सापडलेली शब्दाची चूक आधी मजकुराच्या फाइलमध्ये सुधारावी आणि मगच मांडणीत न्यावी. छापखान्याकडून मशीन-प्रूफ (प्रत्यक्ष यंत्रावर काढलेली नमुनाप्रत) आले की मधल्या छटेचे एक छायाचित्र आणि सर्वांत लहान अक्षरातली एक तळटीप दिवसाच्या उजेडात पाहावी. छायाचित्र काळवंडले असेल तर शाई कमी करायला सांगण्याऐवजी त्या चित्राचे कर्व्हज बदलून नवी फाइल द्यावी, कारण शाई कमी केली की पुस्तकभर अक्षरेही फिकी पडतात.

काम छपाईला गेल्यावर मूळ स्कॅन, थरांसह चित्रांच्या फाइली, शैली लावलेला युनिकोड मजकूर, मांडणीची फाइल, वापरलेले फॉन्ट आणि लेखनपद्धतीच्या निर्णयांचा कागद हे सगळे एकत्र करून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावे. ई-पुस्तक पुढे करायचे झाले तर ते पीडीएफमधून न काढता या मजकुराच्या फाइलमधूनच तयार करावे, कारण पीडीएफमधून कॉपी केलेल्या देवनागरीत वेलांट्या आणि रफार पुष्कळदा जागा सोडतात.